घरी वाइन करण्यासाठी चांगले किट कसे निवडावे

कॅनडातील वाइन-साहित्याच्या दुकानात भिंतीलगत रचलेली खोकी पाहिली, की नवख्या माणसाला त्यांच्यात फारसा फरक दिसत नाही. प्रत्येकावर द्राक्षांच्या घोसाचे चित्र असते, प्रत्येकावर २३ लिटर वाइन, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या ३० बाटल्या, होतील असे छापलेले असते, आणि तरीही एका खोक्याची किंमत शेजारच्या खोक्याच्या दुप्पट किंवा तिप्पट असते. हा फरक नेमका कशाचा आहे ते कळले, तर निवड अवघड राहत नाही. टोरांटोजवळच्या आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये मी गेली नऊ वर्षे वाइन करते आहे, आणि माझा अनुभव असा आहे, की वाइन चांगली होणार की बेचव, हे बहुतेक वेळा दुकानातच ठरून गेलेले असते. घरी आल्यावर आपल्या हातात एवढेच उरते, की आणलेला चांगला रस बिघडू द्यायचा नाही.

कायद्याची बाजू आधी सांगून टाकते. कॅनडात प्रौढ व्यक्तीला स्वतःच्या घरच्या वापरासाठी वाइन करता येते, मात्र ती विकता येत नाही. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार एकच प्रौढ व्यक्ती असलेल्या घराला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घराला २०० गॅलन वाइन करमुक्त करण्याची मुभा आहे. महाराष्ट्रात मात्र १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे आणि घरापुरती केलेली वाइन त्याला अपवाद नाही. म्हणून हे सर्व मार्गदर्शन, जिथे अशी परवानगी आहे तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. सुट्टीला गावी जाताना भावासाठी एखादे किट सामानात घालून न्यावे, असा विचार कोणी करू नये.

दुकानात ‘किट’ हा शब्द दोन वेगळ्या वस्तूंसाठी वापरतात आणि तिथेच पहिला गोंधळ होतो. एक किट साहित्याचे असते, ज्यात द्राक्षरसाची पिशवी, यीस्ट आणि लहान-मोठी पाकिटे असतात. हे प्रत्येक वेळी नवे घ्यावे लागते. दुसरे उपकरणांचे असते, ज्यात बादली, कारबॉय म्हणजे अरुंद तोंडाची मोठी बाटली, नळ्या, रसाची घनता मोजणारा हायड्रोमीटर वगैरे येतात. ते एकदा घेतले की नीट वापरल्यास वर्षानुवर्षे टिकते. खर्चाचा विचार करताना पैसे शक्यतो रसात घालावेत असे माझे स्पष्ट मत आहे. समजा, एक किट ९० डॉलरला आणि दुसरे १५० डॉलरला आहे. बाटलीमागे हिशेब केला तर एक ३ डॉलरला पडते आणि दुसरे ५ डॉलरला. या दोन डॉलरांनी चवीत जो फरक पडतो, तो सुंदर बाटल्या, छापील लेबले किंवा महागडा बूच लावण्याचा यंत्रसंच घेऊन कधीच पडत नाही.

आता रसाविषयी सविस्तर सांगते, कारण सर्व गोष्टींचे मूळ तिथे आहे. द्राक्षाचा रस कमी दाबाखाली, कमी तापमानाला आटवला, की त्यातले पाणी निघून जाते आणि साखर, आम्ल व रंग मागे राहतात. परंतु पाण्याबरोबर सुगंधाचा हलका, उडून जाणारा भागही बऱ्याच प्रमाणात निघून जातो. पुरता आटवलेल्या रसात वजनाने साधारण ६८ टक्के साखर असते, म्हणजे लिटरमागे सुमारे ९०० ग्रॅम. २३ लिटर वाइनमध्ये बारा-साडेबारा टक्के मद्यार्क यायचा असेल, तर एकूण ५ किलोच्या आसपास साखर लागते. याचा अर्थ असा, की सहा लिटरच्या लहान पिशवीत सतरा लिटर पाणी घालूनही मद्यार्काचे प्रमाण पुरेसे येते. त्यामुळे खोक्यावर छापलेल्या मद्यार्काच्या टक्केवारीवरून किटची प्रत ओळखता येत नाही. कमी पडतात ते सुगंध, अंग म्हणजे तोंडात जाणवणारा भरीवपणा, आणि घोट गिळल्यानंतर तोंडात रेंगाळणारी चव.

म्हणून खोक्यावर सर्वांत आधी पिशवीतील रसाचे माप पाहावे. स्वस्त किटमध्ये ते सहा ते आठ लिटर असते, मधल्या प्रतीत दहा-बारा लिटर आणि वरच्या प्रतीत चौदा ते अठरा लिटर. माप जसजसे वाढते, तसतसा आटवलेल्या रसाबरोबर न आटवलेल्या किंवा थोडाच आटवलेल्या रसाचा वाटा वाढतो आणि आपण नळाचे पाणी कमी घालतो. विनएक्सपर्ट किंवा आरजेएस यांसारख्या कॅनडातील मोठ्या उत्पादकांच्याही वेगवेगळ्या प्रती असतात, त्यामुळे नुसते कंपनीचे नाव पाहून भागत नाही. त्याच कंपनीची कोणती श्रेणी आहे ते पाहावे लागते. दुकानात खोके उचलून पाहणे ही माझी जुनी सवय आहे. सोळा लिटरचे खोके एका हाताने उचलत नाही, आणि आठ लिटरचे सहज उचलते.

मापाबरोबर घटकांची यादी वाचावी. कॅनडात खाद्यपदार्थांचे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिण्याचा नियम आहे, त्यामुळे यादीत पहिले नाव कशाचे आहे यावरून बरेच कळते. द्राक्षरस आणि आटवलेला द्राक्षरस ही नावे सुरुवातीला असावीत. साखर किंवा ग्लुकोजचे सिरप वरच्या क्रमांकावर असेल, अथवा सूचनापत्रात ‘घरची दोन-तीन किलो साखर मिसळा’ असे म्हटले असेल, तर त्या पिशवीतला द्राक्षाचा अंश पातळ आहे असे समजावे. ब्रिटनमध्ये डब्यात मिळणाऱ्या लहान किटमध्ये साखर बाहेरून घालण्याची पद्धत बरीच रूढ आहे. त्यातून पिण्याजोगी वाइन होते, पण तिची अपेक्षा ठेवतानाच ती मर्यादा ध्यानात असू द्यावी. द्राक्षाच्या जातीचे आणि प्रदेशाचे नाव नीट लिहिले आहे की नुसते ‘अमुक शैलीची लाल वाइन’ असे मोघम लिहिले आहे, हेही पाहावे. ‘शैली’ हा शब्द असला तर आत त्या जातीची द्राक्षे असतीलच असे नाही.

लाल वाइनच्या वरच्या किटमध्ये द्राक्षाच्या सालींची वेगळी पिशवी असते. लाल वाइनचा रंग आणि तिचा तुरटपणा सालींतून येतो, त्यामुळे नुसत्या रसापासून केलेली लाल वाइन अनेकदा गुळगुळीत पण पोकळ लागते. कॅबर्ने सॉव्हिन्यों किंवा शिराझ यांसारखी भारदस्त वाइन हवी असेल, तर सालींचे किट घेण्यास मी जरूर सांगेन. फक्त ती वाइन बाटलीत किमान सहा महिने आणि शक्य तर वर्षभर ठेवण्याची तयारी हवी. खोक्यावर ‘चार आठवडे’, ‘सहा आठवडे’ किंवा ‘आठ आठवडे’ असे लिहिलेले असते, ते बाटलीत भरण्यापर्यंतचा काळ सांगते, पिण्यायोग्य होण्याचा नव्हे. चार आठवड्यांत बाटलीत गेलेली पांढरी वाइनही दोन-तीन महिने थांबल्यावर पुष्कळ सुधारते.

यानंतरची बाब तारखेची, आणि ती मी स्वतःच्या नुकसानीतून शिकले. माझे पहिलेच किट मी एका दुकानाच्या सवलतीच्या कोपऱ्यातून अर्ध्या किमतीत आणले होते. पांढऱ्या वाइनचे होते. पिशवी कापली तेव्हा रस फिकट सोनेरी असायला हवा होता, तो उकळलेल्या चहाच्या रंगाचा निघाला. महिनाभर मेहनत करून तीस बाटल्या भरल्या आणि त्यांना शिळ्या, सुकलेल्या मनुकांसारखी चव होती. खोक्याच्या तळाशी तारीख छापलेली होती आणि ती केव्हाच उलटून गेलेली होती, पण मी तळ पाहिलाच नव्हता. आटवलेला रस जसजसा जुना होतो आणि उबेत राहतो तसतसा तो काळसर पडतो. पांढऱ्या रसात हे लगेच दिसते, लाल रसात रंगाखाली झाकले जाते, पण चव दोन्हींची उतरते. म्हणून तारीख पाहूनच किट घ्यावे, दुकानदाराला माल कधी आला ते विचारावे आणि खिडकीच्या उन्हात किंवा हीटरशेजारी ठेवलेले खोके घेऊ नये. ज्या दुकानात माल लवकर खपतो तिथले साधे किटही मंद खपाच्या दुकानातल्या भारी किटपेक्षा चांगले ठरू शकते. शंका असली तर खोके उघडून पिशवी दाखवायला सांगण्यात संकोच करू नये: पिशवी फुगलेली असेल तर आत आधीच आंबण्याची क्रिया सुरू झालेली आहे आणि ती परत करावी.

पाकिटांपैकी यीस्टचे पाकीट सर्वांत महत्त्वाचे. २३ लिटरसाठी सहसा ५ ग्रॅमचे एक पाकीट असते आणि त्यावर यीस्टच्या वाणाचे नाव व तारीख असते. ईसी-१११८ हा शँपेन भागातून आलेला, न रुसणारा वाण अनेक किटमध्ये मिळतो. वरच्या प्रतीच्या लाल वाइनच्या किटमध्ये कधी आरसी-२१२ सारखा त्या प्रकाराला साजेसा वाण दिलेला असतो, आणि उत्पादकाने विचार केल्याची ती खूण आहे. यीस्टची तारीख उलटली असेल तर किट टाकून देण्याची गरज नाही. नवे पाकीट अगदी थोड्या पैशांत मिळते. पावासाठी वापरण्याचे यीस्ट मात्र त्याच्या जागी घालू नये.

इतर पाकिटांत पोटॅशियम मेटाबायसल्फाइट असते, जे जंतूंना आणि हवेमुळे होणाऱ्या बिघाडाला आवर घालते, आणि पोटॅशियम सॉर्बेट असते, जे आंबणे संपल्यावर उरलेल्या यीस्टला पुन्हा वाढू देत नाही. दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटचा त्रास होतो, त्यामुळे घरात तसे कोणी असेल तर ही पूड मोकळ्या हवेत मिसळावी. सॉर्बेट घातलेल्या किटमध्ये दुसरे, म्हणजे दुधाच्या आम्लाकडे नेणारे, जिवाणूंचे किण्वन करण्याचा प्रयोग कधीही करू नये. ते जिवाणू सॉर्बेटचे रूपांतर करून जिरेनियमच्या पानांसारखा तीव्र वास निर्माण करतात आणि तो वास काही केल्या जात नाही.

वाइन निवळण्यासाठी जी पाकिटे दिलेली असतात त्यांच्याकडे आपल्या लोकांनी विशेष लक्ष द्यावे असे मला मनापासून वाटते, कारण खोक्यावर ठळक अक्षरांत ते क्वचितच लिहिलेले असते. बेंटोनाइट ही एक प्रकारची माती आहे आणि कीझेलसोल हे वाळूच्या कुळातले सिलिका आहे. या दोहोंत शाकाहाराच्या दृष्टीने काहीच अडचण नाही. परंतु इसिंग्लास माशाच्या वाताशयापासून काढतात, जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून मिळते आणि कायटोसान बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून तयार करतात. ही द्रव्ये गाळाबरोबर खाली बसतात हे खरे असले, तरी शाकाहारी पाहुण्याला ‘यात काही नाही’ असे सांगून पेला पुढे करणे योग्य नव्हे, आणि ज्यांना कवचाच्या माशांची ॲलर्जी आहे त्यांच्या बाबतीत तर तो प्रश्न आणखी गंभीर आहे. आमच्या एका शाकाहारी मित्राने हा प्रश्न विचारला तेव्हा मी तीन वर्षे वाइन करत होते आणि मला उत्तर ठाऊक नव्हते. आता मी पाकिटांची नावे दुकानातच वाचते. बुरशीपासून केलेले कायटोसानही बाजारात मिळते. ते न मिळाल्यास मूळ पाकीट बाजूला ठेवावे आणि बेंटोनाइटवर भर देऊन वाइन थंड जागी दोन-तीन महिने स्वस्थ राहू द्यावी. इतका धीर धरला तर बहुतेक वाइन आपोआप निवळते.

उपकरणांच्या किटमध्ये सर्वांत मोठा सापळा गॅलनचा आहे. अमेरिकन गॅलन ३.७९ लिटरचा आणि ब्रिटिश गॅलन ४.५५ लिटरचा असतो, त्यामुळे ‘पाच गॅलन’चा कारबॉय ब्रिटनमध्ये २३ लिटरचा असतो, तर अमेरिकेत १९ लिटरचा. हा १९ लिटरचा कारबॉय बीयरसाठी ठीक आहे, पण २३ लिटरच्या वाइनकिटला तो चालत नाही. तिथे अमेरिकन ६ गॅलनचा लागतो. उत्तर अमेरिकेत ऑनलाइन मागवताना लिटरचा आकडा शोधून मगच पैसे भरावेत. मोठा कारबॉय घेऊन त्यात कमी वाइन ठेवणेही तितकेच वाईट, कारण वर राहिलेल्या मोकळ्या जागेतील हवा वाइन बिघडवते. ती काठापर्यंत भरलेली असली पाहिजे.

याउलट पहिल्या आठवड्यात ज्या बादलीत रस आंबतो, ती ऐसपैस हवी. तीस लिटरपेक्षा लहान बादली घेऊ नये. सालींचे किट असेल तर फेस आणि साली मिळून वर चढतात आणि चोवीस-पंचवीस लिटरच्या बादलीतून उतू जातात. लाल वाइनचे डाग गालिच्यावरून निघत नाहीत, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते. बादली खाद्यपदार्थांसाठी योग्य अशा प्लास्टिकची असावी, तळाशी त्रिकोणात २ हा आकडा पाहावा, आणि झाकण उघडून वास घ्यावा. वास येणारी किंवा आतून ओरखडे पडलेली बादली घेऊ नये, कारण ओरखड्यांत जंतू लपतात.

कारबॉय काचेचा घ्यावा की प्लास्टिकचा, यावर जाणकारांतही मतभेद आहेत. काच ओरखडत नाही आणि हवा आत येऊ देत नाही, त्यामुळे दीर्घकाळ ठेवण्याच्या वाइनसाठी ती उत्तम. परंतु भरलेल्या कारबॉयचे वजन ३० किलोच्या आसपास जाते आणि ओला हात सुटला तर गंभीर इजा होते. ज्यांना तो जिन्यावरून न्यावा लागणार आहे त्यांनी जाड पीईटी प्लास्टिकचा घ्यावा. काचेच्या कारबॉयमध्ये कढत पाणी ओतू नये, तो तडकतो.

हायड्रोमीटर नसलेले उपकरणांचे किट घेऊच नये. आंबणे संपले की नाही हे बुडबुड्यांवरून ठरवता येत नाही. ते रसाची घनता मोजूनच कळते. सुरुवातीला १.०९० दाखवणारा रस शेवटी ०.९९५ वर आला, तर या दोन आकड्यांतील फरकाला १३१ ने गुणून मद्यार्क सुमारे साडेबारा टक्के असल्याचे समजते. दोन-तीन दिवस आकडा तोच राहिला, की आंबणे संपले. घरी आणल्यावर त्यावर लिहिलेल्या तापमानाच्या साध्या पाण्यात तो बुडवून पाहावा, १.००० न दाखवल्यास बदलून घ्यावा. त्याच्यासोबत उंच मोजनळी, थर्मामीटर, आतला वायू बाहेर सोडणारा पण बाहेरची हवा आत न घेणारा एअरलॉक व त्याचे रबरी बूच, गाळ वर ओढला जाऊ नये म्हणून टोकाला टोपी असलेली सायफनची नळी आणि लांब दांड्याचा चमचा असला, म्हणजे पुरे. थर्मामीटर आमच्यासारख्यांना फार उपयोगी पडतो, कारण बहुतेक किटना १८ ते २४ अंश तापमान लागते आणि जानेवारीतले कॅनडातील बेसमेंट त्याहून थंड असते. बूच लावण्याचे पायावर उभे राहणारे यंत्र विकत घेण्याची घाई करू नये, अनेक दुकाने ते एक-दोन दिवसांसाठी भाड्याने देतात. भांडी निर्जंतुक करण्याचे द्रव्य किटमध्ये आहे का ते पाहावे आणि घरातले क्लोरीनचे ब्लीच त्याऐवजी वापरू नये, कारण क्लोरीन आणि कॉर्क यांच्या संयोगातून ओल धरलेल्या पुठ्ठ्यासारखा वास तयार होण्याचा धोका असतो.

वाइनचा प्रकार निवडताना आपल्याला आधीपासून आवडणारी वाइन घ्यावी. नाशिकच्या शेनां ब्लाँ किंवा सॉव्हिन्यों ब्लाँची चव ज्यांच्या जिभेवर आहे, त्यांनी पहिले किट मधल्या प्रतीच्या पांढऱ्या वाइनचे घ्यावे. ते लवकर तयार होते आणि चुका लवकर समजतात. मसालेदार जेवणाबरोबर किंचित गोडसर रीसलिंग चांगली लागते, आणि अशा किटमध्ये शेवटी घालायच्या गोड रसाची वेगळी पिशवी असते, ती आहे ना हे पाहावे. सहा-सात टक्के मद्यार्काच्या फळांच्या स्वादाच्या वाइन फार टिकत नाहीत, उन्हाळ्यापुरत्या कराव्यात.

गावाकडचे कोणी हे ऐकले की विषारी दारूची आठवण काढतात, आणि २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभरांहून अधिक माणसे गेल्यानंतर ती भीती कोणी हसण्यावारी नेऊ नये. मात्र तिथे मिथेनॉल या विषारी रसायनाचा वापर झाला होता. किटमधला द्राक्षरस यीस्टने आंबवताना मिथेनॉल नगण्य प्रमाणात तयार होते. आंबवलेली वाइन पुढे ऊर्ध्वपातन करून कडक करण्याचा प्रयत्न मात्र कधीही करू नये. कॅनडात आणि अमेरिकेत घरी तसे करणे बेकायदा आहे.

किट घरी आल्यावर त्याच दिवशी खोके उघडून सूचनापत्रातील यादीप्रमाणे पाकिटे मोजावीत, कारण एखादे कमी निघाले तर दुकानदार ते त्या आठवड्यात विनातक्रार देतो, महिन्याने देईलच असे नाही. खोक्यावरचा लॉट क्रमांक असलेला पुठ्ठ्याचा तुकडा कापून घ्यावा, त्याच्या मागे सुरुवात केल्याची तारीख आणि हायड्रोमीटरचा पहिला आकडा लिहावा, आणि तिसावी बाटली संपेपर्यंत तो जपून ठेवावा.